लिस्पमधील फंक्शन आणि मॅक्रो : कोणाला मूल्य हवे, कोणाला कोड

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत यंत्रभागांची ड्रॉइंग करणाऱ्या कित्येकांच्या हातून लिस्प ही भाषा नकळत वापरली गेलेली असते. ऑटोकॅडमध्ये १९८६ पासून ऑटोलिस्प नावाची लिस्पची एक लहान बोली आहे, आणि ड्रॉइंगमधली तीच ती कामे आपोआप व्हावीत म्हणून तिच्यात छोटे प्रोग्राम लिहिले जातात. ऑटोलिस्पमध्ये डिफन लिहून फंक्शन तयार करता येते. मॅक्रो लिहिण्याची सोय मात्र तिच्यात नाही. त्यामुळे ऑटोलिस्पवरून कॉमन लिस्प या लिस्पच्या मोठ्या, प्रमाणित बोलीकडे वळणाऱ्याला, आणि सी, जावा किंवा पायथन शिकून लिस्पकडे येणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यालाही, डिफन ओळखीचे वाटते आणि मॅक्रो तयार करणारा डिफमॅक्रो कोड्यात टाकतो. दोन्हींची व्याख्या लिहिण्याची पद्धत जवळपास एकच असते, आणि वापरताना तर कंसांची मांडणी इतकी सारखी असते की नुसते पाहून फंक्शन कोणते आणि मॅक्रो कोणता हे ओळखता येत नाही. (एक्सेलमध्ये नोंदवून ठेवलेल्या कृतींनाही मॅक्रो म्हणतात. त्यांचा येथील मॅक्रोशी काही संबंध नाही.)

फरक एका वाक्यात सांगता येतो: फंक्शनला आर्ग्युमेंटचे (म्हणजे वापरताना त्याला जे द्यायचे त्याचे) मूल्य मिळते आणि ते मूल्य परत देते, मॅक्रोला आर्ग्युमेंट म्हणून लिहिलेला कोड जसाच्या तसा मिळतो आणि तो नवा कोड परत देतो. हे वाक्य पाठ करणे सोपे आहे, पण त्यातून काय काय निष्पन्न होते हे उदाहरणांशिवाय ध्यानात येत नाही. म्हणून कांद्याच्या बाजारातले एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजार आवारात लिलाव झाला की कांद्याची गाडी भुईकाट्यावर जाते, भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा होते, आलेल्या क्विंटलांना लिलावातल्या भावाने गुणले जाते आणि काही कपात असेल तर ती वजा करून शेतकऱ्याची हिशेबपट्टी तयार होते. हा हिशेब संगणकावर करणारा प्रोग्राम आपण लिहीत आहोत असे समजू. त्यातले आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. या लेखात लिस्पचे मूळ शब्दही देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष संगणकावर ते शब्द आणि आकडे रोमन लिपीत टंकावे लागतात. आपण स्वतः दिलेली नावे मात्र एसबीसीएलसारख्या मोफत कंपायलरमध्ये (कोडचे यंत्राच्या भाषेत भाषांतर करणाऱ्या प्रोग्राममध्ये) देवनागरीतही चालतात.

फंक्शनपासून सुरुवात करू.

(डिफन पट्टी (वजन भाव कपात)
  (- (* वजन भाव) कपात))

लिस्पमध्ये क्रिया आधी आणि ज्यांच्यावर क्रिया करायची ते नंतर लिहितात, म्हणून वजन गुणिले भाव हे (* वजन भाव) असे दिसते. आता हे फंक्शन असे वापरले:

(पट्टी (वजन-घे) (+ १४०० १००) ४००)

येथे लिस्प सर्वप्रथम आर्ग्युमेंटांची मूल्ये काढते, आणि कॉमन लिस्पमध्ये ती डावीकडून उजवीकडे याच क्रमाने काढली जातात. वजन-घे काट्याकडून वजन वाचते आणि समजा २० क्विंटल सांगते. बेरीज १५०० होते. ४०० हे आधीच मूल्य आहे. त्यानंतरच पट्टी या फंक्शनचे काम सुरू होते, त्याच्या हाती २०, १५०० आणि ४०० हे तीन आकडे येतात आणि ते २९६०० परत देते. काट्याची चिठ्ठी हाती आलेल्या कारकुनाला गाडी कोणत्या गावची होती किंवा ती काट्यावर कितीदा चढली हे कळत नाही, तसेच १५०० हा आकडा बेरजेतून आला की कोणी थेट लिहिला, हे फंक्शनला कळत नाही. हे अज्ञान हीच फंक्शनची मोठी जमेची बाजू आहे. आत काय चालले आहे याची बाहेरच्याला चिंता नाही आणि बाहेर काय लिहिले आहे याची आतल्याला नाही, म्हणून फंक्शन वेगळे काढून तपासता येते, दुसऱ्या ठिकाणी वापरता येते आणि त्याच्याबद्दल निर्धास्त राहता येते.

फंक्शन कोठे अडते

या व्यवस्थेची मर्यादा दाखवणारे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे अट. समजा लिस्पचे इफ आपल्याला आवडले नाही आणि आपण स्वतःचे फंक्शन लिहिले:

(डिफन माझा-जर (अट होय नाही)
  (इफ अट होय नाही))

दिसायला यात काहीच वावगे नाही. पण ते असे वापरून पाहावे:

(माझा-जर (> वजन ०)
         (पावती-छाप)
         (काटा-शून्य-कर))

वजन शून्यापेक्षा जास्त असेल तर पावती छापावी, नसेल तर काटा शून्यावर आणावा, असा आपला हेतू आहे. प्रत्यक्षात पावतीही छापली जाते आणि काटाही शून्यावर येतो, कारण माझा-जर हे फंक्शन आहे आणि फंक्शनच्या आत शिरण्यापूर्वी तिन्ही आर्ग्युमेंटांची मूल्ये काढली जातातच. आतल्या इफला निवड करायला मिळते ती दोन्ही कामे उरकल्यानंतर. फंक्शन कितीही हुशारीने लिहिले तरी ही अडचण जात नाही, कारण जे घडायचे ते फंक्शनच्या दाराबाहेर घडून गेलेले असते.

मग लिस्पचे स्वतःचे इफ कसे चालते? ते फंक्शन नाहीच. कॉमन लिस्पच्या १९९४ च्या अन्सी मानकात इफ, लेट, कोट अशा २५ खास क्रिया ठरवून दिलेल्या आहेत, ज्यांच्या आर्ग्युमेंटांना फंक्शनचा नियम लागू होत नाही; इफ आधी अटीचे मूल्य काढते आणि मग दोहोंपैकी एकाच फांदीकडे वळते. ही २५ ची यादी बंद आहे, तिच्यात प्रोग्रामरला भर घालता येत नाही. तरीसुद्धा व्हेन, अनलेस, कॉन्ड, अँड, ऑर, डोलिस्ट अशा किती तरी सोयी भाषेत आहेत ज्या आपली आर्ग्युमेंटे निवडून किंवा पुन्हा पुन्हा चालवतात. या सगळ्या सोयी म्हणजे मॅक्रो आहेत. फंक्शनची व्याख्या करणारे डिफनसुद्धा कॉमन लिस्पमध्ये मॅक्रोच आहे. भाषेच्या कर्त्यांनी ज्या साधनाने या सोयी उभ्या केल्या तेच साधन त्यांनी प्रोग्रामरच्या हातीही दिले आहे, आणि ही गोष्ट इतर भाषांत सहसा आढळत नाही.

कोड हीच लिस्ट

मॅक्रोला कोड मिळतो म्हणजे नेमके काय मिळते? सी शिकलेल्याच्या मनात येथे एक चुकीचे चित्र उभे राहण्याचा संभव आहे. सीमध्येही मॅक्रो असतात, पण ते कंपायलरच्या आधी चालणाऱ्या टप्प्यात शब्दांच्या जागी शब्द बसवतात. वर्ग(क) या मॅक्रोची व्याख्या क*क अशी केली आणि वर्ग(२+३) असे लिहिले, तर २+३*२+३ असा मजकूर तयार होतो आणि उत्तर २५ ऐवजी ११ येते. सीचा मॅक्रो गणित जाणत नाही, तो फक्त मजकूर जाणतो.

लिस्पचा मॅक्रो मजकुरावर चालत नाही. (पट्टी २० १५०० ४००) हा लिस्पचा कोडही आहे आणि चार घटकांची लिस्टही आहे, जिचा पहिला घटक पट्टी हे नाव आहे आणि बाकीचे तीन आकडे आहेत. टंकलेला मजकूर वाचून झाला की लिस्पकडे अक्षरे उरत नाहीत, एकात एक बसलेल्या लिस्ट उरतात, आणि मॅक्रोच्या हाती त्या लिस्ट येतात. (+ २ ३) ही एक अखंड लिस्ट असल्यामुळे ती कोठेही नेऊन बसवली तरी तिचे तुकडे होत नाहीत, आणि वरचा ११ चा घोटाळा लिस्पमध्ये होऊच शकत नाही.

ही रचना आधी ठरवून आलेली नव्हती. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये एमआयटीत लिस्पचे काम सुरू केले आणि १९६० मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा माणसांनी प्रोग्राम लिहिण्यासाठी एक वेगळी, गणितासारखी दिसणारी लिपी त्यांच्या मनात होती; कंसांच्या लिस्ट या माहिती साठवण्यासाठी होत्या. पण लिस्पचा कोड लिस्टच्या रूपात घेऊन चालवणारे एक फंक्शन त्यांनी कागदावर मांडले होते, ते स्टीव्ह रसेल यांनी आयबीएम ७०४ यंत्राच्या भाषेत उतरवले, आणि लिस्टच्या रूपात लिहिलेला कोड यंत्रावर थेट चालू लागला. त्यानंतर गणिती लिपीची वाट पाहायला प्रोग्रामर थांबले नाहीत. कोड लिस्ट असेल तर लिस्ट तयार करणारा प्रोग्राम हा कोड तयार करणारा प्रोग्राम ठरतो, हा पुढचा विचार टिमथी हार्ट यांनी १९६३ मध्ये मांडला आणि लिस्पमध्ये मॅक्रो आले.

आता माझा-जर मॅक्रो म्हणून लिहू.

(डिफमॅक्रो माझा-जर (अट होय नाही)
  `(इफ ,अट ,होय ,नाही))

यातील उलटे अवतरण आणि स्वल्पविराम समजून घेणे आवश्यक आहे, कारण नवशिक्याचे निम्मे अडथळे तेथेच असतात. उलट्या अवतरणामुळे पुढची लिस्ट चालवली जात नाही, ती नमुना म्हणून घेतली जाते; त्या नमुन्यात जेथे स्वल्पविराम आहे तेथे त्या नावाचे मूल्य आणून बसवले जाते. माझा-जर आधीसारखेच वापरले, तर अट या नावाला (> वजन ०) ही लिस्ट मिळते, होय या नावाला (पावती-छाप) ही लिस्ट मिळते, आणि मॅक्रो पुढील लिस्ट परत देतो:

(इफ (> वजन ०) (पावती-छाप) (काटा-शून्य-कर))

कंपायलर मूळ ओळ काढून तिच्या जागी ही ओळ ठेवतो आणि पुढे हिचेच भाषांतर करतो. या क्रियेला मॅक्रोचा विस्तार म्हणतात. प्रोग्राम प्रत्यक्ष चालेल तेव्हा मॅक्रो शिल्लकच नसतो, त्याने मागे ठेवलेला इफ तेवढा असतो, आणि म्हणून पावती किंवा शून्य यांपैकी एकच घडते. विस्तार कसा झाला हे मॅक्रोएक्स्पांड-१ या फंक्शनला विचारून केव्हाही पाहता येते. मॅक्रोबद्दल शंका आली की पुस्तक उघडण्याआधी हे उघडावे.

दोन वेगळ्या वेळा

मूल्य आणि कोड या फरकातच वेळेचा फरक दडलेला आहे. फंक्शन प्रोग्राम चालताना काम करते, मॅक्रो प्रोग्राम तयार होताना. वजन या व्हेरिएबलमध्ये उद्या दुपारी काय येईल हे कंपायलरला आज माहीत नसते, आणि म्हणून मॅक्रोलाही नसते. शिकणाऱ्यांचा सर्वांत जास्त वेळ येथे वाया जातो. दिवसभरातल्या वजनांची बेरीज करण्यासाठी एखादा असा मॅक्रो लिहितो:

(डिफमॅक्रो एकूण (वजने)
  `(+ ,@वजने))

स्वल्पविरामाला जोडलेले ,@ हे चिन्ह लिस्टचे बाहेरचे कंस काढून आतले घटक ओळीने पसरते. (एकूण (२० १८ २२)) असे लिहिल्यास (+ २० १८ २२) असा विस्तार होतो, उत्तर ६० येते, आणि लिहिणाऱ्याला वाटते की काम झाले. नंतर (एकूण आजची-वजने) असे लिहिल्यावर कंपायलर तक्रार करतो. आजची-वजने या व्हेरिएबलमध्ये लिस्ट असेलही, पण मॅक्रोला ती लिस्ट दिसत नाही. त्याला आजची-वजने हे नुसते नाव दिसते आणि नावाला पसरण्याजोगे घटक नसतात. बेरीज हे मूल्यांचे काम आहे, त्यासाठी फंक्शनच हवे, आणि लिस्पमध्ये (अप्लाय #'+ आजची-वजने) इतके लिहिले की ते होते; #' म्हणजे पुढच्या नावाचे फंक्शन.

मॅक्रोऐवजी अशी फंक्शने का ठेवली नाहीत, जी आर्ग्युमेंटांची मूल्ये न काढता ती तशीच घेतील आणि प्रोग्राम चालत असतानाच काय करायचे ते ठरवतील, असा प्रश्न एखाद्या चोखंदळ वाचकाला पडेल. जुन्या लिस्पांत तशी सोय होती, तिला फेक्सपर म्हणत. केंट पिटमन यांनी १९८० मध्ये तिच्या विरोधात सविस्तर युक्तिवाद केला: प्रोग्राम चालेपर्यंत कोणती आर्ग्युमेंटे चालवायची हे ठरत नसेल, तर कंपायलरला त्या कोडचा अर्थ आधी लावता येत नाही, आणि कोड तपासणाऱ्या इतर साधनांनाही नाही. मॅक्रोचा विस्तार मात्र आधीच होऊन जातो आणि त्यानंतर उरतो तो साधा कोड. कॉमन लिस्पने फेक्सपर घेतले नाहीत, आणि माझ्या मते ते योग्यच झाले.

मॅक्रो जेथे घसरतो

फंक्शनला आर्ग्युमेंट एकदाच चालेल याची आपोआप हमी मिळते. मॅक्रोत ही हमी लिहिणाऱ्याने द्यावी लागते. दोन आकड्यांतला मोठा काढण्यासाठी हा मॅक्रो पाहावा:

(डिफमॅक्रो मोठे (अ ब)
  `(इफ (> ,अ ,ब) ,अ ,ब))

(मोठे (वजन-घे) २०) याचा विस्तार असा होतो:

(इफ (> (वजन-घे) २०) (वजन-घे) २०)

काट्यावरून वजन दोनदा वाचले जात आहे. काट्यावरची गाडी अजून स्थिरावलेली नसेल, तर पहिल्या वाचनात २०.१० आणि दुसऱ्यात १९.९५ येऊ शकते. अट पहिल्या वाचनावर खरी ठरते आणि उत्तर म्हणून दुसरे वाचन परत जाते. म्हणजे २० आणि वजन यांतला मोठा आकडा मागितला आणि २० पेक्षा लहान आकडा मिळाला! असा दोष शोधणे कठीण असते, कारण नुसते आकडे देऊन चाचणी घेतली तर तो कधीच दिसत नाही. खरे तर हा मॅक्रो लिहिण्याचेच कारण नव्हते. मोठा आकडा निवडायला दोन्ही मूल्ये लागतातच, काहीही टाळायचे नाही, त्यामुळे ते फंक्शनचे काम आहे आणि लिस्पमध्ये त्यासाठी मॅक्स हे फंक्शन पूर्वीपासून आहे.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. आजचा भाव मिळाला तर तो घ्यावा, नाही तर दुसरा एखादा भाव घ्यावा, यासाठी किंवा नावाची सोय हवी आहे. पहिल्याचे मूल्य मिळाले तर दुसरे चालवायचेच नाही, म्हणून येथे मॅक्रो रास्त आहे. पहिले दोनदा चालू नये म्हणून त्याचे मूल्य एका नावात साठवून घेऊ:

(डिफमॅक्रो किंवा (पहिले दुसरे)
  `(लेट ((भाव ,पहिले))
     (इफ भाव भाव ,दुसरे)))

आता वापरणाऱ्याने आपल्या कोडमध्ये भाव याच नावात कालचा भाव ठेवला आहे असे समजा:

(लेट ((भाव १४५०))
  (किंवा (आजचा-भाव) भाव))

आजचा भाव अजून आलेला नसेल तर १४५० मिळावेत ही अपेक्षा आहे. पण मॅक्रोचा विस्तार (लेट ((भाव (आजचा-भाव))) (इफ भाव भाव भाव)) असा होतो. मॅक्रोच्या भावाने वापरणाऱ्याचा भाव झाकून टाकला, आणि उत्तर १४५० ऐवजी निल, म्हणजे काहीच नाही, असे येते. दोघांनीही आपापल्या जागी चुकीचे काही लिहिलेले नाही. दोघांनी योगायोगाने एकच नाव निवडले, एवढेच. फंक्शनमध्ये हे घडत नाही, कारण तेथे बाहेरून आत नावे जात नाहीत, मूल्ये जातात.

कॉमन लिस्पमधला यावरचा उपाय म्हणजे दुसऱ्या कोणत्याही नावाशी कधीच जुळणार नाही असे नवे नाव मागून घेणे. ते जेनसिम हे फंक्शन देते:

(डिफमॅक्रो किंवा (पहिले दुसरे)
  (लेट ((ग (जेनसिम)))
    `(लेट ((,ग ,पहिले))
       (इफ ,ग ,ग ,दुसरे))))

बाहेरचा लेट मॅक्रो चालताना काम करतो आणि आतला लेट विस्तारात जातो. ही दोन पातळ्यांची कसरत सवयीने जमते. स्कीम या लिस्पच्या बोलीने वेगळा मार्ग धरला. नावांची ही सरमिसळ मॅक्रो लिहिणाऱ्याच्या दक्षतेवर सोडू नये, विस्तार करणाऱ्या यंत्रणेनेच ती टाळावी, असा विचार कोलबेकर, फ्रीडमन, फेलायझेन आणि दूबा यांनी १९८६ मध्ये मांडला, आणि १९९८ च्या स्कीम मानकात तशी सोय भाषेचा नियमित भाग झाली. रिच हिकी यांच्या २००७ मधील क्लोजरमध्ये नमुन्यातल्या नावाच्या शेवटी # लावले की नवे नाव आपोआप मिळते. रोजच्या कामाला जेनसिम पुरेसे पडते, पण तो विसरण्याची मुभा कॉमन लिस्प देते, आणि ही मुभा थोडी महाग आहे.

तिसरी अडचण धोक्याची नाही, मर्यादेची आहे. फंक्शन हे स्वतःच एक मूल्य आहे, ते दुसऱ्या फंक्शनला देता येते. दिवसभरातल्या गाड्यांची वजने, भाव आणि कपाती यांच्या तीन लिस्ट असतील तर (मॅपकार #'पट्टी वजने भाव कपाती) एवढ्या एका ओळीत सगळ्या पट्ट्यांच्या रकमा निघतात. #'किंवा असे लिहून मॅक्रो कोणाला देता येत नाही, कारण प्रोग्राम चालताना द्यायला मॅक्रो नावाची वस्तू तेथे नसते. विनाकारण मॅक्रो लिहिणारा माणूस आपल्याच कोडला या सोयीपासून तोडतो. मॅक्रोमुळे वेग वाढतो हे कारण पुष्कळदा पुढे केले जाते, तेही आज टिकत नाही. फंक्शनच्या आधी इनलाइनची सूचना लिहिली की त्याचा कोड वापराच्या जागी बसवण्याचे काम कंपायलर करू शकतो, आणि फंक्शन फंक्शनच राहते.

मग मॅक्रो कोठे लिहावा

आर्ग्युमेंट टाळायचे किंवा अनेकदा चालवायचे असेल, तेथे मॅक्रो हवा हे वर आलेच. दुसरी जागा म्हणजे जेथे मूल्य नको, मूल्य ठेवण्याची जागा हवी. (इन्सीएफ एकूण-गाड्या) म्हटल्यावर एकूण-गाड्या या नावातला आकडा एकाने वाढतो; फंक्शनला तो आकडा कळला असता, पण तो परत कोठे ठेवायचा हे कळले नसते. असर्ट या मॅक्रोचे कारण वेगळेच आहे: (असर्ट (> वजन ०)) ही अट खोटी ठरली तर नेमकी कोणती अट मोडली हे तो लिहून दाखवू शकतो, कारण ती अट लिस्टच्या रूपात त्याच्या हाती आलेली असते. फंक्शनला फक्त निल मिळाले असते.

सर्वांत उपयोगी प्रकार मात्र काही तरी उघडून, काम करून, मग न चुकता बंद करण्याचा आहे. काट्याशी संगणक जोडायचा, वजन वाचायचे, आणि मध्येच काही बिघडले तरी जोडणी तोडायचीच, असे काम प्रोग्राममध्ये दहा ठिकाणी लागते. ते लिहिताना आधी सगळे काम फंक्शनमध्ये बसवावे आणि मॅक्रो अगदी पातळ ठेवावा, ही पद्धत मला सर्वांत पटते:

(डिफन काट्यासह-चालव (काम)
  (लेट ((काटा (काटा-जोड)))
    (अनवाइंड-प्रोटेक्ट
        (फनकॉल काम काटा)
      (काटा-तोड काटा))))

(डिफमॅक्रो काट्यासह ((नाव) &बॉडी काम)
  `(काट्यासह-चालव (लॅम्डा (,नाव) ,@काम)))

फंक्शनला काम हे आर्ग्युमेंट म्हणून एक फंक्शन मिळते, ते काट्याला जोडणी करून ते काम चालवते, आणि अनवाइंड-प्रोटेक्टमुळे काम मध्येच मोडले तरी काटा-तोड चालतेच. मॅक्रो फक्त लिहिण्याची सोय करतो; त्यातला लॅम्डा म्हणजे जागीच लिहिलेले बिननावाचे फंक्शन. (काट्यासह (क) (पावती-छाप (वजन-घे क))) असे लिहिले की त्याचा विस्तार (काट्यासह-चालव (लॅम्डा (क) (पावती-छाप (वजन-घे क)))) असा होतो. यात जेनसिम लागला नाही, कारण काटा हे नाव फंक्शनच्या आत आहे, विस्तारात नाही. आर्ग्युमेंट दोनदा चालण्याचा प्रश्नही उरला नाही. मॅक्रो नको असेल त्याला लॅम्डा लिहून फंक्शन थेट वापरता येते.

या पद्धतीचा आणखी एक लाभ प्रोग्राम दुरुस्त करताना कळतो. लिस्पमध्ये प्रोग्राम चालू असतानाच एखादे फंक्शन नव्याने लिहिले, तर ते इनलाइन केलेले नसल्यास पुढच्या वेळेपासून सर्वत्र नवे फंक्शन वापरले जाते. मॅक्रो नव्याने लिहिला तर आधी कंपाइल झालेल्या कोडमध्ये जुनाच विस्तार राहतो, आणि तो मॅक्रो वापरणारा प्रत्येक भाग पुन्हा कंपाइल करावा लागतो. वरच्या उदाहरणात काटा जोडण्याची रीत बदलली तर बदल काट्यासह-चालव या फंक्शनमध्ये होतो आणि मॅक्रोला हात लावावा लागत नाही. फाइलमधला क्रमही याच कारणाने सांभाळावा लागतो: पट्टी हे फंक्शन फाइलच्या शेवटी लिहून सुरुवातीला वापरले तरी चालते, पण काट्यासह हा मॅक्रो त्याच्या पहिल्या वापराच्या वरच असला पाहिजे. अन्यथा कंपायलर त्याला फंक्शन समजून (क) या लिस्टलाही फंक्शनचा वापर मानतो आणि क नावाचे फंक्शन सापडत नाही अशी सूचना देतो.